न मोजलेलं शून्य

सुमन सोनकांबळे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या प्लँट हेडना हातातला मार्कर खाली ठेवू देत नव्हत्या.

चाकणच्या त्या कंपनीत रुजू होऊन मला चारच दिवस झाले होते. महिन्याची सभा कँटीनमध्ये भरायची. हेडनी पांढऱ्या बोर्डावर एक आकडा लिहिला, त्याच्या आधी अधिकचं चिन्ह काढलं, भोवती गोल केला आणि म्हणाले, "या महिन्यात आपण प्लसमध्ये आहोत!" टाळ्या वाजल्या. त्या थांबल्यावर मागच्या रांगेतून एक शांत आवाज आला.

"कोणाच्या बाजूने, सर?"

"म्हणजे?"

"प्लस आहे ते दिसतंय. पण कोणाच्या बाजूने बघितल्यावर? कंपनीच्या, गिऱ्हाइकाच्या, का लाइनवर ओव्हरटाइम केलेल्या माणसांच्या? आकडा तोच राहतो. बाजू बदलली की चिन्ह उलटं होतं."

कोणीतरी फिसकन हसलं. हेड म्हणाले, "मॅडम, आपण यावर नंतर बोलू."

"बोलायचं काहीच नाही, सर. बोर्डावर लिहा फक्त."

आणि त्या खाली बसेनात. बुटकी मूर्ती, सुती साडीवर कंपनीचा करडा ॲप्रन, साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. चेहऱ्यावर राग नव्हता. समोरच्याला हवा तेवढा वेळ द्यायला त्या तयार होत्या, इतकंच. शेवटी हेडनी आकड्याखाली 'कंपनीच्या बाजूने' असं लिहिलं. तेव्हा बाई बसल्या आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

मी शेजारच्याला विचारलं, "कोण आहेत या?"

"स्टँडर्ड रूमच्या मॅडम," तो म्हणाला. "यांच्या नादी लागू नकोस, भावा."

मी लागलो. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण आकड्याआधी अधिकचं चिन्ह दिसलं की माझ्या मनात अजून तोच प्रश्न उमटतो.

आमची कंपनी गाड्यांसाठी लोखंडी ब्रॅकेट, पेडलचे भाग असलं काहीबाही बनवायची. तयार झालेला माल मापून बघायची खोली म्हणजे स्टँडर्ड रूम. तिथलं तापमान वर्षभर वीस अंशांवर ठेवावं लागतं, कारण लोखंड उन्हात फुगतं आणि थंडीत आखडतं. त्यामुळे सुमनताई ऐन मे महिन्यात स्वेटर घालून बसलेल्या असायच्या. बाहेर शॉपवर घामाने चिंब झालेले लोक काही ना काही निमित्त काढून त्या गार खोलीत शिरायचे. ताई त्यांना दोन मिनिटांच्या वर टिकू द्यायच्या नाहीत. "काम झालं ना? मग निघ. माणूस उभा राहिला की खोली तापते." हे त्या ऑपरेटरला सांगायच्या आणि कंपनीच्या डायरेक्टरलाही, त्याच आवाजात.

मी क्वालिटी विभागात सॉफ्टवेअरचं काम बघायला आलो होतो. राहायला निगडीला. ताई आकुर्डीच्या. कंपनीची बस निगडीहून निघून आकुर्डी, तळवडे करत चाकणला जायची आणि महाळुंग्याच्या अलीकडे रोज हमखास अडकायची. ताई तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसायच्या आणि मांडीवर एक लांबट वही उघडून काहीतरी लिहीत राहायच्या. बस खड्ड्यात आदळली तरी पेन उचलत नसत. मला आधी वाटलं, नामजपाची वही असेल. एकदा शेजारी जागा मिळाली तेव्हा डोकावून पाहिलं, तर पानभर कोड! महिरपी कंस, सेमिकोलन, सगळं हाताने लिहिलेलं. अक्षरं इंग्रजी, पण शब्द मराठी. गुण, मात, बरोबरी, वजीर.

"ताई, हे काय आहे?"

"मुंगी," त्या म्हणाल्या.

मुंगी म्हणजे त्यांनी लिहिलेला बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम. नांदेडकडून भोसरीला फाउंड्रीत कामाला आलेल्या त्यांच्या वडिलांनी त्यांना नट-बोल्टची प्यादी मांडून बुद्धिबळ शिकवलं होतं. स्वतः त्या बऱ्या खेळायच्या, भारी नव्हे. मुंगी मात्र त्यांना पहिल्याच महिन्यात हरवायला लागली. "आपण केलेल्या वस्तूने आपल्याला हरवलं की लई बरं वाटतं," असं त्या मला म्हणाल्या होत्या. प्रोग्रॅमिंग त्या मापाच्या यंत्रासाठी कंपनीनेच दिलेल्या प्रशिक्षणात शिकल्या, आणि पुढचं पुस्तकं वाचून.

असला प्रोग्रॅम विचार कसा करतो, ते मला त्या बसमध्येच कळलं. तो हजारो डाव मनातल्या मनात खेळून बघतो आणि प्रत्येक शेवटाला एक गुण देतो. डाव बरा असेल तर अधिक, वाईट असेल तर उणे. ज्या वाटेचा गुण सगळ्यांत चांगला, ती खेळी करतो. सगळा खेळ त्या एका आकड्यावर. म्हणून तो आकडा कसा लिहायचा, कुठे ठेवायचा, काय म्हणजे काय, यावर ताईंनी आयुष्याची काही वर्षं घातली होती. मी कॉलेजात शिकून आलेला. मला वाटायचं, त्यात काय एवढं, दशांशात लिहायचं. प्यादं म्हणजे एक, अर्धा फायदा म्हणजे पॉइंट पाच.

"दशांश नको," त्या ठामपणे म्हणाल्या. "कॉम्प्युटरला पॉइंट एकमध्ये पॉइंट दोन मिळवायला सांग. नेमका पॉइंट तीन देत नाही तो. शेवटी कुठेतरी बारीक शेपूट राहतं. एकदा राहिलं तर राहू दे, पण लाखो वेळा? आम्ही तरी काय करतो? तोंडाने मिलिमीटर म्हणतो, मोजतो मायक्रॉनमध्ये. प्यादं म्हणजे शंभर. पूर्ण आकडा. तुकडे करायचेच नाहीत."

मुंगीची एक गोष्ट त्या फार प्रेमाने सांगायच्या. सुरुवातीला तिला जिंकायची मोठी पंचाईत होती. समोर एकटा राजा उरलेला, मुंगीकडे वजीर, मात दोन खेळ्यांवर, आणि ही बया नुसती इकडून तिकडे फिरते आहे. कारण मात कितीही खेळ्यांनी होवो, ताईंनी तिला एकच मोठा गुण दिला होता, बत्तीस हजार. दोन खेळ्यांनी होणारी मात आणि वीस खेळ्यांनी होणारी मात तिला सारखीच. मग घाई कशाला? उद्या करू.

"मग मी काय केलं, मात जितक्या खेळ्या लांब तितके गुण वजा केले. जवळची मात मोठी झाली. लागली पटापट जिंकायला. पण मजा पुढे आहे, नीलेश. तोच हिशेब उलटा धरला, की हरणाऱ्यासाठी काय होतं सांग?"

मी विचार केला. "लांबची मात कमी वाईट."

"बरोबर! म्हणजे मुंगी हरताना सगळ्यांत लांबची वाट धरते. मी हे मुद्दाम नव्हतं केलं. ते आपोआप आलं." एवढं बोलून त्या खिडकीबाहेर बघत बराच वेळ हसत होत्या.

मला सगळ्यांत जास्त लक्षात राहिलं ते मात्र शून्याचं प्रकरण. एकदा बघितलेला डाव पुन्हा समोर आला तर नव्याने डोकं लढवायला नको, म्हणून मुंगी एक तक्ता ठेवायची. त्यात काही घरं अशी होती की डावाची नोंद झालेली, पण त्याचा गुण अजून काढलेला नव्हता. त्या घरांत सुरुवातीपासून पडलेलं शून्य तसंच होतं. आणि मुंगीच्या भाषेत शून्य म्हणजे बरोबरी. त्यामुळे हरायला लागली की ती त्या घरांकडे धावत सुटायची. तिला वाटायचं, इथे बरोबरी मिळते आहे. तिथे काहीच नसायचं, कोणी बघितलेलंच नसायचं.

"तीन महिने लागले मला सापडायला," ताई म्हणाल्या. "शून्य हा एक निकाल आहे. माहीत नाही, हा निकाल नाही. दोन्हीला एकच खूण दिली की घात झाला." मग त्यांनी बत्तीस हजारांच्याही वरचा, कुठल्याच डावाला कधी मिळू शकणार नाही असा एक आकडा निवडला आणि त्याला नाव दिलं, माहीत_नाही. तो दिसला की मुंगी थांबून मोजायला लागायची.

हे सगळं मी कौतुकाने ऐकलं, मान डोलावली आणि वर्षभराने कंपनीत नेमकं उलटं केलं.

झालं असं, की पेडलच्या ब्रॅकेटचा एक लॉट निघायचा होता आणि मापाच्या यंत्राचा प्रोब, म्हणजे भागाला टेकवून माप घेणारी सुई, शिफ्टच्या मध्येच मोडला. नमुन्याचे चाळीस भाग मापायचे, त्यातले अकरा राहून गेले. गिऱ्हाइकाचा ऑनलाइन फॉर्म रिकामी जागा घेत नव्हता. कुलथे साहेब आमचे क्वालिटी मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, पण ट्रक डॉकला लागला की त्यांचा श्वास वर यायचा. ते माझ्या टेबलाशी आले.

"नीलेश, रिकाम्या जागी शून्य टाकायची सोय करून दे. फरक शून्य, म्हणजे माप बरोबर. पार्ट चांगलेच आहेत रे, तीच डाय, तोच माल."

मी तीन ओळी लिहिल्या. पाच मिनिटांचं काम. खरं सांगायचं तर मुंगीची आठवणसुद्धा झाली नाही.

रिपोर्ट सहीसाठी ताईंकडे गेला. पंधरा मिनिटांनी त्या स्वेटर काढून हातावर टाकून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. कागद टेबलावर ठेवला आणि बोट एका रांगेवरून हळूहळू फिरवलं.

"ही अकरा शून्यं कोणी मोजली?"

"साहेबांनी सांगितलं..."

"साहेबांनी मोजली?"

"नाही."

"मग कोणी?"

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुला तर मी सांगितलं होतं."

तेवढ्यात कुलथे साहेब आले. "मॅडम, सही करा, ट्रक उभा आहे."

"करते की." त्यांनी खिशातून लाल पेन काढलं. अकराच्या अकरा शून्यांवर काट मारली, प्रत्येकाशेजारी 'मोजले नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली. "घ्या. आता पाठवा."

"असा कसा पाठवू? गिऱ्हाईक लॉट अडवेल!"

"अडवू दे. त्यांना कळू दे ना काय मोजलंय आणि काय नाही."

"अहो, पार्ट चांगले आहेत!"

"असतील. मी नाही म्हणत नाही. मला माहीत नाही, एवढंच म्हणते. तुम्हालाही माहीत नाही."

साहेबांचा आवाज चढला. "तुम्ही कामून..." असं काहीतरी चिडवायला ते ताईंच्याच बोलीत म्हणू गेले. चिडल्या की ताईंच्या तोंडी 'का'ऐवजी नांदेडकडचं 'कामून' यायचं आणि अख्खा विभाग त्याची नक्कल करायचा. ताई शांतपणे म्हणाल्या, "कामून ते सांगते. हा भाग माणसाच्या पायाखाली जातो, साहेब. ब्रेक दाबणाऱ्या पायाखाली. सही माझी आहे. माझ्या सहीवर न मोजलेलं शून्य जाणार नाही."

ट्रक रिकामा परत गेला. दुसऱ्या दिवशी नवा प्रोब आला. ते अकरा भाग ताईंनी स्वतः मापले. सगळे चांगले निघाले. एकही बाद नाही.

कुलथे साहेब स्टँडर्ड रूमच्या दारात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा! होते की नाही बरोबर? उगीच ट्रक परत घालवला."

ताई यंत्राची काच पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आज बरोबर आहेत. काल माहीत नव्हतं."

त्याच आठवड्यात ऑर्डर निघाली. 'कामाच्या सोयीसाठी' श्रीमती सोनकांबळे यांची डिस्पॅचला, म्हणजे माल रवाना करायच्या विभागात, बदली; सौ. की कुमारी, तेही कोणी तपासलं नव्हतं. इतकी वर्षं वीस अंशांत बसलेली बाई पत्र्याच्या शेडमध्ये, ट्रकच्या धुरात, क्रेट मोजायला. मी त्या तीन ओळी पुसून टाकल्या, पण ते काही धाडस नव्हे. तोवर सगळं होऊन गेलं होतं.

मी माफी मागायला शेडमध्ये गेलो. त्या उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसून डबा खात होत्या. माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं नाही. "चूक सापडली ना? दुरुस्त केलीस ना? मग झालं. शेंगदाण्याची चटणी घे."

डिस्पॅचमध्येही त्यांनी लोकांना सुखाने बसू दिलं नाही. गेटपासवर 'अंदाजे' हा शब्द चालायचा. त्यांनी तो बंद केला. ड्रायव्हर आधी कुरकुरले, मग त्यांच्याच लक्षात आलं की पुढे माल कमी भरला तर आता आळ आपल्यावर येत नाही. मग तेच म्हणायला लागले, "मावशींच्या हातचा पास आहे ना? चला."

आठेक महिन्यांनी बाहेरून एक तपासनीस आले. जुन्या फायली चाळताना तो लाल पेनाचा रिपोर्ट त्यांच्या हाती लागला. ते म्हणाले, ही सही करणाऱ्या व्यक्तीला भेटायचं आहे. त्या डिस्पॅचला आहेत म्हटल्यावर त्यांनी भुवया उंचावल्या. दुसऱ्याच दिवशी कुलथे साहेब स्वतः शेडमध्ये आले. मी बरोबर होतो.

"मॅडम, झालं गेलं विसरा. परत या स्टँडर्ड रूमला."

"येते. एक करा. आपल्या कामाच्या नियमात लिहून टाका, की न मोजलेल्याला शून्य घालायचं नाही, वेगळी खूण करायची."

"अहो, तसं आता कोणी करणार नाही. माझा शब्द आहे."

"शब्द नको. लिहा."

साहेब लिहायला तयार नव्हते. लिहिलं तर आधी काय चालायचं हे कागदावर आलं असतं. ताईंनी क्रेटवरची धूळ झटकली आणि पुन्हा मोजायला लागल्या. निवृत्त होईपर्यंत त्या डिस्पॅचलाच राहिल्या. वीस अंशांची खोली, खुर्ची, यंत्र, सगळं समोर ठेवलं होतं. नाही म्हणजे नाही. नियमात ते आजही लिहिलेलं नाही. पण सॉफ्टवेअरमध्ये मी, कोणाला न विचारता, वेगळी खूण घातली. रिकाम्या जागी आता शून्य टाकता येत नाही. कुणी अजून तक्रार केलेली नाही.

त्याच डिस्पॅचच्या दिवसांत एका रविवारी आकुर्डीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमची स्पर्धा होती. मीच ताईंचं नाव घातलं. दारात नावं नोंदवणाऱ्या पोराने आम्हाला पाहून सांगितलं, "पालकांनी मागच्या रांगेत बसा, प्लीज."

"मी पालकच आहे," ताई म्हणाल्या. "मुंगीची. तिची आई पुढे बसणार."

सगळे विशीतले स्पर्धक, मोठमोठे लॅपटॉप, आणि मध्ये ताईंचा जुना, कोपरा चिकटपट्टीने जोडलेला. पहिल्या तीन फेऱ्यांत मुंगीने दोन डाव जिंकले, एक बरोबरीत सोडवला. चौथी फेरी ऋतुजा नावाच्या, शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या मुलीच्या प्रोग्रॅमशी. जिंकणारा थेट अंतिम फेरीत. मुंगी पांढरी.

डाव वाईट गेला. मुंगीचा घोडा कोपऱ्यात अडकला, मग हत्ती गेला. आमच्या पडद्यावर उणे नऊशेच्या खाली आकडा, म्हणजे एक अख्खा वजीर मागे असल्यासारखं. मी डोळे मिटून घेतले. आणि अचानक भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर झळकलं, 'मुंगी विजयी'. टाळ्या!

झालं काय होतं, ते ताईंना एका क्षणात कळलं आणि मला पाच मिनिटांनी. स्पर्धेचं सॉफ्टवेअर दोन्ही प्रोग्रॅमना त्यांचा गुण विचारत होतं. जो सलग काही खेळ्या स्वतःच म्हणेल की मी वाईट हरतो आहे, त्याने डाव सोडला असं धरायचं, हा नियम. मुंगीही उणेच सांगत होती, पण तिच्या तेवढ्या सलग खेळ्या अजून भरल्या नव्हत्या. आणि गुण ज्याचा त्याने आपल्या बाजूने सांगायचा होता. ऋतुजाचा प्रोग्रॅम मात्र कायम पांढऱ्याच्या बाजूने सांगत होता. तो काळा होता, जिंकत होता, आणि तोंडाने म्हणत होता, उणे नऊशे. सॉफ्टवेअरला वाटलं, हा हरला.

ताई उभ्या राहिल्या. "सर, हा निकाल चुकलाय."

स्पर्धा घेणारे जगदाळे सर हसत म्हणाले, "मॅडम, तुम्ही जिंकलात!"

"तेच चुकलंय."

त्यांनी समजावून सांगितलं. सरांनी दोन्ही पडदे पाहिले, डोकं खाजवलं. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण गुण आपल्या बाजूने सांगायचा हे आम्ही सगळ्यांना लेखी कळवलं होतं. चूक त्यांची. नियमाने पॉइंट तुमचाच."

ऋतुजा लॅपटॉपकडे बघत बसली होती. ओठ घट्ट मिटलेले. मी ताईंच्या कानाशी म्हणालो, "ताई, नियमानेच आहे. सोडा ना."

ताई माझ्यावर खेकसल्या. पहिल्यांदा आणि शेवटचं. "कामून सोडू? पटावर बघ ना काय आहे ते!" मग सरांकडे वळल्या. "नियम मोडला म्हणून तिला काय दंड करायचा तो करा, माझी ना नाही. पण मुंगी जिंकली असं भिंतीवर लिहू नका. ती जिंकलेली नाही. ती हरते आहे, आणि तिला ते माहीत आहे. तिच्या पडद्यावर आहे बघा."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कोणीतरी मागून म्हणालं, "मॅडमना फायनल नको वाटतं." ताईंनी वळूनही पाहिलं नाही. ऋतुजाच्या शेजारची खुर्ची ओढून त्या बसल्या. "कुठे गुण छापतेस? दाखव. हं. इथे. काळ्याची पाळी असली की चिन्ह उलटं कर. बस, एवढंच आहे." मुलीने एक ओळ बदलली. जगदाळे सरांनी सुस्कारा सोडला, डाव सोडण्याचा नियम या डावापुरता बाजूला ठेवला आणि आहे त्याच जागेवरून डाव पुन्हा सुरू केला.

मग मुंगी हरायला लागली. पण कशी! आधी लोक हसत होते. राजा पळतोय, एक प्यादं मध्ये टाकतोय, पुन्हा पळतोय. वीस खेळ्या झाल्या, तीस झाल्या. हसणं थांबलं. चाळीस झाल्यावर दुसऱ्या टेबलांवरचे लोक उठून बघायला आले. दर खेळीला मुंगी नेमकी ती वाट शोधत होती जिथे मात एक पाऊल लांब जाईल. शेवटी राजा पटाच्या कडेला पोचला आणि जागाच संपली. मात.

जगदाळे सर म्हणाले, "मॅडम, एवढं ताणायचं कशाला? मध्येच सोडून द्यायला सांगायचं तिला."

"तिला सोडून द्यायला मी शिकवलेलंच नाही," ताई म्हणाल्या आणि लॅपटॉप मिटला.

बाहेर येऊन आम्ही रस्त्याकडेला उसाचा रस प्यायलो. मी विचारलं, "वाईट वाटतंय?"

"वाटतंय की. लई वाटतंय." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "फायनलला गेले असते तर आईला फोटो दाखवला असता. ती रोज विचारते, तू त्या डबड्यात बघून काय करतेस म्हणून." मग रसवाल्याला म्हणाल्या, "दादा, बर्फ कमी घालून अजून एक द्या."

निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्यांना अनुभवाचं पत्र दिलं. त्यात लिहिलं होतं, सर्व काळ क्वालिटी विभागात. कुलथे साहेबांनी चांगुलपणानेच लिहिलं असावं. ताईंनी ते परत केलं. "शेवटची दोन वर्षं डिस्पॅच. तसं लिहा. त्याची मला लाज नाही." पत्र पुन्हा टाइप होईपर्यंत त्या हातात पुष्पगुच्छ धरून एचआरच्या बाकावर बसून राहिल्या. बस त्यांच्यासाठी पाऊण तास थांबली आणि कोणीही ड्रायव्हरला हॉर्न वाजवू दिला नाही.

नंतर त्या आईला घेऊन चऱ्होलीला राहायला गेल्या, नव्या सोसायटीत. तिकडे बस वेळेवर मिळत नाही, म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी स्कूटर शिकल्या असं फोनवर कळलं होतं. माझा विश्वास बसला नव्हता.

मागच्या महिन्यात काही कामासाठी चऱ्होलीला गेलो होतो. तिकडे आता जिथे बघाल तिथे इमारती उठताहेत आणि रस्त्यावर सिमेंटच्या मिक्सर गाड्यांची रांग असते. चहाच्या टपरीशी उभा होतो तर लांबून हॉर्नचा आरडाओरडा ऐकू आला. पाहिलं तर एक पांढरी स्कूटर, पुढे लाल अक्षरात शिकाऊचा एल, आणि तिच्यावर ताठ बसलेल्या ताई. हेल्मेटखाली चष्मा, पायांत पांढरे शूज, मागे पिशवी कवटाळून बसलेली त्यांची म्हातारी आई. रस्ता अरुंद, एका बाजूला खोदलेलं. ताई आपल्या बाजूच्या मधोमध, ताशी वीसच्या वर नाही. त्यांच्या मागे एक अजस्र मिक्सर, त्याच्या मागे दुसरा, त्याच्या मागे टेम्पो, रिक्षा, मोटारी. मिक्सरवाला हॉर्नवरून हात काढायला तयार नव्हता.

मी हाक मारली, "ताई!" त्यांना ऐकू गेलं नसावं. आईने मात्र माझ्याकडे बघून मान हलवली. मिक्सरने पुन्हा एक लांबलचक हॉर्न दिला. ताईंनी वळून पाहिलं नाही, कडेलाही झाल्या नाहीत. डावा हात हँडलवरून काढला, तळवा मागे दाखवून शांतपणे वर धरला, थांब म्हणून. स्कूटर जराशी हेलकावली, पुन्हा सरळ झाली. आणि ती सगळी वरात त्यांच्या मागे, त्यांच्या वेगाने, वळणाआड गेली.